सभापतींचं आजचं मत

सभापती आता सभापती राहिले नव्हते. नगरपालिकेच्या पाणी समितीचं ते पद त्यांच्याकडे एकदाच आलं होतं, तेही जेमतेम वर्षभर, आणि त्यालाही जमाना लोटला. आता ते नुसते नगरसेवक. पण लोकांच्या तोंडी एकदा बसलं की बसलं. दूधवाला सभापती म्हणायचा, विरोधक सभापती म्हणायचे, आणि बायको तर हमखास म्हणायची, "अहो सभापती, चहाचं पाणी झालं, आता तरी उठा." बायको गेली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. चहा गार होतोय हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

रोज सकाळी सभापती आपलं मत देत. कशावरही. महागाई, युद्ध, परीक्षांचे निकाल, तरुण पिढी, हवामान. विषय कुठलाही असो, हा माणूस कधी कमी पडला नाही. खाली कार्यालयात टेबलामागे बसायचं, समोर माइकने फोन धरायचा आणि मत गावभर जायचं. माइक म्हणजे माणूसच. पूर्वी सभांना भोंगे भाड्याने द्यायचा, म्हणून हे नाव पडलं. भोंगे गेले, केस गेले, माइक राहिला. सभापतींचा आवाज आयुष्यात एकदाही फाटू दिला नाही याचा त्याला फार अभिमान.

"आज कशावर?" माइक विचारी.

"युद्धावर."

"परवा झालं की ते."

"परवा वेगळं होतं. आज तह कसा करावा यावर."

आणि सभापती सुरू होत. "मित्रहो, दोन देश का भांडतात? मध्ये बसायला कुणी नाही म्हणून. आमच्या प्रभागात दोन शेजारी गटारावरून भांडले तर मी काय करतो? दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसतो. संध्याकाळपर्यंत उठत नाही. लोकसेवेला डोकं नंतर लागतं, आधी बूड लागतं! बसून राहायची तयारी पाहिजे."

हे बोलताना त्यांना स्वतःचंच इतकं पटे की डोळे भरून येत. माइकच्या मागे पाहावं तर कार्यालय रिकामं.

हे रिकामपण त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. पूर्वी दाराबाहेरचा लांब बाक सकाळपासून भरलेला असायचा. नळाला पाणी नाही, दिवा गेला, सासू नांदू देत नाही, काय वाट्टेल ते घेऊन लोक येत. सभापती नाही कुणालाच म्हणत नसत. पुरुष असेल तर दादा, बाई असेल तर ताई, आणि वर ठरलेलं वाक्य: "काळजी करू नका, काम झालं समजा." निम्मी कामं होत, निम्मी लोक विसरून जात. मग पालिकेत तक्रारींचं अ‍ॅप आलं. त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठं भाषण ठोकलं ते यांनीच. 'नागरिकाची पायपीट थांबली पाहिजे!' थांबली की. अशी थांबली की बाकावर आता फक्त मांजर झोपायचं, आणि तेही विरोधी पक्षाच्या वाड्यातलं आहे असा माइकचा संशय होता.

वर घरी तर त्याहून शांतता. सभापती बातम्या लावत आणि बातम्या देणाऱ्यांशी भांडत. "अरे शहाण्या, आकडे कुठून आणलेस?" असं एकदा ओरडल्यावर खोलीत इतकं गप्प झालं की त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "असेल बुवा कुठून तरी." शर्टाला इस्त्री स्वतः करत. कॉलरची एक बाजू साधली की दुसरी हटकून चुरगळे.

आणि मुलगी बोलत नव्हती. खरं दुखणं हे होतं, बाकी सगळं वरवरचं. एकुलती एक मुलगी, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर दिलेली, आई गेल्यापासून तिनं बापाचा फोन उचलला नव्हता. सभापती फोन लावत, तो वाजून वाजून बंद होई, आणि मग ते माइकला सांगत, "कामात असेल." तिनं एकदा, फक्त एकदा बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील, एवढंच आता त्यांना हवं होतं. निवडणुकीचं तिकीट मिळो न मिळो.

कारण तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. बायको दवाखान्यात होती. शेवटचे दिवस आहेत हे डॉक्टरांनी आडून आडून सांगून झालं होतं. त्या दिवशी बागेतल्या कारंज्याचं उद्घाटन. सभापती खाटेपाशी उभे होते, घड्याळ बघत होते. बायकोनं हात धरला, म्हणाली, "आज थांबा ना जरा." आणि या माणसाच्या तोंडून, तीस वर्षांच्या सवयीनं, सरळ निघून गेलं, "काळजी करू नका ताई, काम झालं समजा."

स्वतःच्या बायकोला ताई!

बायको हसली. एवढी हसली की तिला ठसका लागला आणि नर्स धावत आली. मुलगी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, ती नाही हसली. सभापती जिना उतरले, कारंजं सुरू केलं, टाळ्या घेतल्या. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. कारंजंही पुढच्याच आठवड्यात बंद पडलं, ते आजतागायत बंद आहे.

तर तहाच्या मताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माइक आत आला आणि म्हणाला, "बाकावर माणूस आहे."

सभापती ताडकन उठले. कॉलर सरळ केली. बाहेर पाहतात तर जावई. तो औषधं विकायचा, गावोगाव फिरायचा, पण या गावात आला तरी इकडे फिरकत नसे. आज मांडीवर बॅग घेऊन अवघडून बसला होता, मांजराला त्रास होऊ नये असा.

"जावईबापू! अहो, बाहेर का बसलात? या, आत या. माइक, चहा सांग."

चहा आला. जावई कपाकडे बघत राहिला. सभापतींनी त्याला पाऊसपाणी विचारलं, औषधांच्या किमतींवर आपलं मत सांगितलं, सरकारचं काय चुकतं तेही सांगितलं. एकच गोष्ट विचारायची हिंमत होईना. शेवटी जावईच म्हणाला, "बाबा, डावा हात कधीपासून थरथरतोय?"

सभापतींनी हात टेबलाखाली घेतला. "कुठं थरथरतोय? छे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काल तुम्ही मत देताना पेपर उचलून दाखवलात. पेपर हलत होता."

"म्हणजे तुम्ही बघता?" सभापतींचा चेहरा खुलला.

"मी नाही." जावयानं कप खाली ठेवला. "ती बघते. रोज, सकाळी, स्वयंपाकघरात उभी राहून. परवा म्हणाली, बाबांनी एकच शर्ट सलग तीन दिवस घातलाय. एकदा म्हणाली, दाढी नीट झालेली नाही. काल हात दिसला, आणि रात्रभर झोपली नाही. मला म्हणाली, तुझा त्या बाजूला फेरा आहे ना, जाऊन ये. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस."

पोरगी बघते! रोज बघते! त्यांना उठून नाचावंसं वाटलं. "मग कालचं तहाचं मत तिला कसं वाटलं? म्हणजे, काही म्हणाली का ती?"

जावई खजील झाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. औषधं विकून पोट भरणारा माणूस, पण खोटं बोलता येत नव्हतं. "बाबा, ती आवाज बंद करून बघते."

"आवाज बंद?"

"हो. म्हणते, ते काय बोलणार ते मला पाठ आहे. मला नुसतं बघायचंय, ठीक आहेत ना." मग तो घाईनं म्हणाला, "हे मी बोललो म्हणून कळलं तर ती बघायचीही बंद होईल. तुम्हाला माझी शपथ आहे. आणि हात डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो, दाखवतो. झालं समजा," सभापती म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनी जीभ चावली.

जावई गेला. सभापती दिवे न लावता बसून राहिले. त्यांना आनंद झाला होता आणि तो आनंद दुखत होता. जगातल्या झाडून सगळ्या प्रश्नांवर मत दिलं, आणि जिच्यासाठी द्यावं असं एक माणूस होतं, तिला त्यातला एक शब्द नको होता. बरोबरच होतं तिचं. कुणाचे कान किती किटावेत?

दुसऱ्या दिवशी सकाळी माइक फोन घेऊन उभा राहिला. "आज कशावर?"

"आवाज बंद कर."

"काय?"

"मी बोलणार आहे. पण आवाज जाता कामा नये. येतं ना करता?"

माइक हादरला. "सभापती, भर पावसात, वीज गेलेली असताना मी तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. आणि आता, उतारवयात, मलाच तो बंद करायला सांगता?"

"सांगतो."

"लोक काय म्हणतील?"

"जिला सांगायचंय तिनं ऐकायचं नाही, ठीक आहे. मग बाकीच्यांनी तरी का ऐकावं?"

माइकला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यानं बोटानं काहीतरी दाबलं आणि मान हलवली. सभापतींनी डावा हात टेबलावर ठेवला, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. तो थरथरत होता, थरथरू दिला. मग ते बोलले. मित्रहो म्हणाले नाहीत. मध्ये थांबले, चष्मा काढला, पुसला, परत बोलले. काय बोलले ते एकट्या माइकनं ऐकलं, आणि माइक ते पुढे कुणापाशी बोलला नाही. फोन खाली घेतला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"टाकू?"

"टाक तसंच."

टाकल्याबरोबर फोन वाजायला लागले. सभापती, आवाज येत नाही. सभापती, आमचा फोन बिघडला की तुमचा? विरोधी नेत्यानं तर खास फोन करून सांगितलं, "आजवरचं तुमचं हे पहिलंच मत मला शंभर टक्के पटलं." सभापती हसले. बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी हसले, तेही विरोधकाशी.

मग पुन्हा फोन वाजला आणि त्यावर मुलीचं नाव होतं.

माइकनं ते पाहिलं, आणि न सांगता बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"बाबा." किती दिवसांनी! आवाज आईसारखाच होत चालला होता. "आज आवाज नव्हता."

सभापतींना सांगता येईना की तू तर आवाज बंदच ठेवतेस ना गं. शपथ होती. आणि मग एकदम लक्षात आलं, आवाज नाही हे हिला कळलं म्हणजे हिनं आज तो लावून पाहिला.

"नव्हता," ते म्हणाले.

"काय बोलत होतात?"

"तुझ्या आईचं बोलत होतो. त्या दिवसाचं. अगं, उद्घाटन माझ्यावाचून अडलं नव्हतं. मला कुणी बोलावणं पाठवलं नव्हतं. मला तिथं बसवेना. तिच्याकडे बघवेना. मला भीती वाटली गं. मी पळालो."

पलीकडे भांडं सरकवल्याचा आवाज आला.

"आई तेच म्हणाली होती," ती हळू म्हणाली. "तुम्ही जिना उतरत होता तेव्हा. म्हणाली, घाबरलेत बिचारे, जाऊ दे त्यांना. आणि परत हसली." तिचा आवाज चिरकला. "मला नाही जाऊ देता आलं, बाबा. तिनं तुम्हाला थांबा म्हटलं होतं."

"हो."

"हात दाखवलात डॉक्टरांना?"

"नाही. तू आलीस की जाऊ. येशील?"

सभापती कान फोनला दाबून उभे होते. जन्मात कुणाच्या उत्तरासाठी त्यांनी असा जीव टांगणीला लावला नव्हता, मतमोजणीच्या दिवशीसुद्धा नाही.

"आले समजा," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

समजा. सभापती तो शब्द ओळखून होते. अर्ध्या प्रभागाला त्यांनी तो दिला होता. त्यातली निम्मी कामं झाली होती आणि निम्मी नाही, आणि आपलं कुठल्या निम्म्यात पडेल हे त्या लोकांना कधी कळलं नव्हतं. कसे बसत असतील ते लोक सकाळपासून, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

ते उठले, दार उघडून बाहेर आले. बाकावर मांजर पसरलं होतं. सभापतींनी त्याला हळूच बाजूला सरकवलं, आणि बसस्टँडकडून येणारा रस्ता दिसेल असे त्या बाकाच्या टोकाला बसले.