परत आलेला माल

लेन्स स्वस्तात मिळाली या आनंदात थोरला जेमतेम आठवडाभर होता. मग कस्टम्सचा निरोप आला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. परदेशातून वस्तू मागवणाऱ्या भाबड्या माणसाला वाटतं, कर वस्तूवर लागतो. तसं नसतं. लेन्सची किंमत, तिच्यात विमानाचं भाडं, त्यात विमा, या सगळ्यावर एक कर. आणि तो कर मिळवून जी रक्कम होते तिच्यावर आणखी एक. वर पार्सल त्यांच्याच गोदामात अडून राहिलं, त्याचं भाडंही आपणच द्यायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. थोरल्यानं कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, पण मसाला काही कमी होईना.

दुसरी कुठली लेन्स असती तर त्यानं कानाला खडा लावून पार्सल आल्या वाटेनं परत जाऊ दिलं असतं. पण ही घरचीच होती. बाबांची होती, आणि नऊ वर्षांपूर्वी याच स्टुडिओच्या कपाटातून ती चोरीला गेली होती.

बाबा माणसांचे फोटो काढत. लग्न, समारंभ, पासपोर्ट वगैरे कामं त्यांनी थोरल्यावर सोपवली होती. आपण फक्त चेहरे काढायचे, तेही या एका लेन्सनं. जुनी, जड, पितळी कड्याची लेन्स. तिच्या आकड्यांपाशी त्यांनी आईच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते, बोटाला लागतील असे जाडसर. थोरल्याला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. पण परदेशातला कोणी संग्राहक वारला, त्याच्या वस्तू विक्रीला निघाल्या आणि एका फोटोत थोरल्याला ते लाल ठिपके दिसले, तेव्हा तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

लेन्स सापडली याचा आनंद झाला, यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा आनंद चोर सापडेल याचा होता. चोर कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. धाकटा भाऊ. ज्या आठवड्यात लेन्स गेली त्याच आठवड्यात धाकट्यानं ती बाहेरच्या कामासाठी मागितली होती आणि बाबांनी नाही म्हटलं होतं. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असायची. आणखी काय पाहिजे? थोरल्यानं जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या देखत, "यानंच विकली" असं सांगून टाकलं. धाकट्यानं मान वर केली नाही. आठवडा संपायच्या आत तो घर सोडून गेला. बाबांच्या अंत्यविधीला आला तो मागे उभा राहून निघूनही गेला. थोरल्याला मात्र एकच सलत राहिलं, की त्यानं गुन्हा कबूल केला नाही.

कस्टम्सची कामं करून देणारा एक एजंट होता, सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. या मामानं कागद पाहिले आणि विचारलं, लेन्स मुळात इथूनच बाहेर गेली होती का? थोरला हो म्हणाला. मग मामानं युक्ती सांगितली. आपल्याकडून गेलेली वस्तू जशीच्या तशी परत आली तर तिला परत आलेला माल म्हणतात, त्यावर कर माफ असतो. संग्राहक जपणूक करणारा निघाला. ज्या वेष्टनात लेन्स आली ते त्यानं ठेवलं होतं आणि विकणाऱ्यानं त्यावरचा क्रमांकही कळवला होता. मामानं तो तपासून आणला. पार्सल याच गावच्या पोस्टातून गेलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता स्टुडिओचा, नावाच्या जागी नुसतं आडनाव.

आता फक्त पाठवणाऱ्यानं स्वतः येऊन जबाब द्यायचा आणि सही करायची.

थोरल्याला मनातून गुदगुल्या झाल्या. एका दगडात दोन पक्षी. कर वाचेल, आणि जे बाबांच्या हयातीत झालं नाही ते सरकारी खिडकीवर होईल: धाकटा आपल्या हातानं लिहून देईल की मी नेली. त्यानं रात्रीच्या जेवणाआधीच फोन लावला. आवाज शक्य तितका मोठ्या मनाचा केला. झालं गेलं विसरू, म्हणाला, तू ये, सही कर, मी पुन्हा विषय काढणार नाही.

 धाकट्यानं कधी यायचं एवढंच विचारलं.

आई टेबलाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं हातातला चमचा खाली ठेवला आणि मीही येते म्हणाली. थोरल्याला वाटलं, लेकाला बघायला जीव तुटतोय म्हातारीचा. तो बरं म्हणाला.

कस्टम्सची खोली लांबट होती. एका बाजूला काचेच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला एकमेकांना खिळवलेल्या लोखंडी खुर्च्या, मध्ये वजनकाटा आणि चिकटपट्टीचे कपटे. धाकटा आधीच येऊन बसला होता. केस विरळ झाले होते, अंगावर इस्त्री केलेला शर्ट होता. तो आईच्या पाया पडला आणि भावाकडे बघून नुसती मान हलवली. थोरल्यानं त्या मानेत शरम शोधली. सापडल्यासारखी वाटली, म्हणून तो जरा सैल झाला.

खिडकीतल्या अधिकारी बाईंनी खोकं उघडलं. लेन्स बाहेर काढून काट्यावर ठेवली, ठिपके पाहिले, समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं. त्यांनी धाकट्याला दोनच प्रश्न विचारले. पाठवताना पार्सल उघडून तपासलं गेलं होतं, त्याची नोंद त्यांच्यापुढे होती. तर ते कशात गुंडाळलं होतं? आणि माल विकला होता की भेट म्हणून पाठवला होता?

धाकटा म्हणाला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं होतं. आणि विकली होती.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही उत्तरं नोंदीशी जुळत नाहीत, म्हणाल्या. खोटा जबाब दिला तर माल जप्त होतो आणि दंड वेगळा, हे माहीत आहे ना? धाकट्यानं ओठ चाटले. मग बहुतेक कापडात असेल, म्हणाला, नीट आठवत नाही. थोरल्याचं डोकं भणभणलं. काय माणूस आहे, याला केलेली चोरीसुद्धा धड सांगता येत नाही.

"ह्यांच्या लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळली होती," आई म्हणाली. "बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि हलू नये म्हणून भोवती उशीचा कापूस भरला. विकली नाही, भेट दिली. पाठवणारी मी आहे, बाई."

अधिकारी बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि नोंद जुळते म्हणाल्या. मग त्यांनी फॉर्म धाकट्याच्या पुढ्यातून ओढून आईपुढे सरकवला. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

 थोरल्यानं खिडकीची कड धरली. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं, मग आई धाकट्याला वाचवायला खोटं बोलतेय असं वाटलं, मग मफलर आठवला. बाबांचा मफलर त्याच आठवड्यात नाहीसा झाला होता. तोही धाकट्यानंच नेला असेल, असं थोरला तेव्हा म्हणाला होता.

"का?" त्यानं विचारलं. 

आई लोखंडी खुर्चीत बसली. ती रडली वगैरे नाही. ह्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणाली. आकडे दिसत नव्हते म्हणून ठिपके. चेहरा दिसत नव्हता म्हणून अंदाजानं कडं फिरवायचे. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि ह्यांनी तिला गळ घातली होती की मुलांना सांगायचं नाही. चेहरे काढणारा माणूस आंधळा होतोय हे बाजारात कळलं तर हसतील लोक.

थोरल्याला ते फोटो आठवले. धुऊन वाळत टाकताना त्यानंच पाहिले होते. कान लख्ख, कानातलं भोक न् भोक दिसायचं, आणि डोळे धुकट. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नसे, पुढच्या खेपेला दुसरीकडे जात असे.

"ते फोटो बघून तू काय म्हणालास आठवतंय?" आई म्हणाली. "लेन्स बिघडलीय म्हणालास. परवा दुरुस्तीला देतो म्हणालास. हे तुझ्यापुढे हो हो म्हणाले आणि रात्रभर जागे राहिले. दुरुस्तीवाल्यानं तपासली असती तर तो म्हणाला असता, लेन्सला काय धाड भरलीय? मग बिघडलं होतं कोण, ते तुला कळलं असतं. म्हणून मी ती नाहीशी केली. फोडायला हात झाला नाही आणि घरात लपवली असती तर ह्यांनी हुंगून काढली असती. एक परदेशी माणूस कधीपासून मागत होता, त्याला देऊन टाकली."

आणि तिची युक्ती साधलीच म्हणायची. बाबा शेवटपर्यंत स्टुडिओच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले की लेन्स चोरीला गेली हो, नाहीतर तुमचा असा फोटो काढला असता. लोक हळहळायचे. आंधळा म्हणून कोणी हसलं नाही. थोरलाही त्या हळहळीत सामील असायचा आणि दर वेळी भावाला शिव्या घालायचा.

"मी याला चोर म्हणालो तेव्हा तू तिथेच बसली होतीस," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"होते. तेव्हा बोलले असते तर ह्यांचं बिंग फुटलं असतं. हे गेल्यावर सांगायचं ठरवलं होतं." आई थांबली. "तोवर मला गप्प बसायची सवय लागली. पापच केलं मी, त्याला दुसरं नाव नाही."

मागच्या रांगेतला माणूस खोकला. थोरल्यानं आजूबाजूला पाहिलं आणि त्याला घाम फुटला. तो घाईघाईनं अधिकारी बाईंना म्हणाला, की सही नको, जबाब नको, आपण सगळा कर भरतो, दोन्ही कर, गोदामाचं भाडंसुद्धा. ज्या रकमेनं त्याचे डोळे पांढरे झाले होते ती त्याला आता क्षुल्लक वाटत होती. फक्त हे कुठे लिहिलं जायला नको.

"पुन्हा झाकायला निघालास?" आई म्हणाली. "पेन दे इकडे." आणि तिनं सावकाश, पोरांच्या दप्तरांवर घालायची तशा मोठ्या अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग ती भिंतीच्या आधारानं दाराकडे निघाली.

धाकटा तिच्या मागे जायला वळला. थोरल्यानं त्याचा दंड धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं भावाला हात लावला होता.

"तुला माहीत होतं?"

"डबा बंद करून बांधताना मी पाहिलं होतं तिला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, दादा? तू सांगून मोकळा झालास."

 थोरल्याचे कान गरम झाले. मग आज इथे कशाला आलास, त्यानं विचारलं, न केलेल्या चोरीवर सही करायला?

"तुझा फोन आला म्हणून आलो," धाकटा म्हणाला. "चोर म्हणून का होईना, बोलावलंस तरी. मला वाटलं, सही केली की घरी ये म्हणशील." तो थोडा हसला, डोळे भरलेले असताना माणूस हसतो तसा. "आता चोर तर मी राहिलो नाही. आता काय म्हणून बोलावतोस, सांग."

सांगण्यासारखं फार होतं. माफ कर म्हणायचं होतं, भाऊ म्हणून चल म्हणायचं होतं, तुझी खोली रिकामी आहे म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून काचेवर टकटक झालं. कर माफ झाला होता. मोहोर उमटली होती. माल ताब्यात घ्या, वहीत सही करा, खिडकी बंद करायची वेळ झालीय, असं बाई म्हणत होत्या.

"एक मिनिट," थोरला म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

वहीत पान शोधावं लागलं. सही करताना पेन उमटेना, दुसरं मागून घेतलं. बाईंनी खोक्याला नवी चिकटपट्टी लावली, त्यानं ते छातीशी धरलं आणि मागे पाहिलं. खुर्च्यांपाशी कोणी नव्हतं. तो दाराबाहेर धावला, जिना धडाधड उतरला. रस्त्याच्या पलीकडे धाकटा आईला हाताला धरून टॅक्सीत बसवत होता. मग तोही आत बसला. थोरल्यानं हाक मारेपर्यंत दार लागलं आणि टॅक्सी निघाली. ती घराच्या उलट्या दिशेला गेली.

तो खोकं धरून पायरीवर उभा राहिला. एक मिनिट, असं तो खिडकीतल्या बाईंना म्हणाला नव्हता. भावाला म्हणाला होता.