अर्ध्या दाढीवर तपासणी

वस्तीतल्या मोफत दवाखान्यात बायका-मुलांची रीघ लागायची, पण पुरुष मंडळी तिकडे फिरकायची नाहीत. त्यांतला सगळ्यांत बिलंदर म्हणजे तिथल्या नर्सचा सख्खा मामा. गॅरेजात दिवसभर इंजिनं उघडणारा हा गडी भाचीच्या हातात रक्तदाबाचं यंत्र दिसलं की मागच्या दाराने पसार व्हायचा. इकडे त्याला चक्कर येणं वाढत चाललं आणि मामीचा जीव टांगणीला लागला.

शेवटी नर्सने गल्लीतल्या न्हाव्याशी संधान बांधलं.

रविवारी मामा खुर्चीत बसला. न्हाव्याने एक गाल चकाचक केला, दुसऱ्यावर फेस तसाच ठेवला आणि तो पडद्याकडे बघून खाकरला. पडद्यामागून भाची यंत्र घेऊन बाहेर आली.

"मामा, हात पुढे कर."

मामा ताडकन उठला. न्हावी शांतपणे म्हणाला, "जा की! बाहेर गर्दीही बरीच आहे."

मामाने आरशात पाहिलं आणि निमूट हात पुढे केला.

दाब बराच चढलेला निघाला.

"यंत्र बिघडलंय तुझं," मामा म्हणाला.

तिने दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. आकडा तोच. मामाचा चेहरा उतरला, तशी तिने थट्टा आवरली. "गोळ्यांनी आटोक्यात येतं, मामा. उद्या डॉक्टरांकडे मी येते सोबत."

मामाने मान डोलावली आणि तो न्हाव्यावर खेकसला, "उरलेली दाढी कर आधी!" मग भाचीला जवळ ओढून हळूच म्हणाला, "तू पडद्यामागेच थांब. गॅरेजातला माझा भागीदार येतोय आत्ता."