मुक्ताच्या पेशीतला ठिपका

महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, मान वाकवून बसलेला जुना सूक्ष्मदर्शक दिसतो ना, मित्रांनो, तो मी. आता माझं पितळ काळवंडलंय. पण सत्तर साली सांगलीत आलो, तेव्हा माझ्या अंगात तोंड दिसायचं. खालच्या आरशावर उन्हाची तिरीप धरायची आणि नजरेला न दिसणारं मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम.

त्या कामाला अर्थ दिला इथल्या संशोधक विजयमालाबाईंनी. साताऱ्याकडच्या शेतकरी घरातली ही लेक. भाऊ फौजेत आणि ही पेशींच्या मागे. बाळाचे डोळे पुसावेत, तशा हळुवार हातांनी त्या माझी भिंगं पुसायच्या.

जन्मतःच सोबत येणारे आजार त्या शोधत. गाल आतून अलगद खरवडायचा, निघालेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि माझ्याखाली ठेवायच्या. बायकांच्या पेशीत गुणसूत्रांची एक खास जोडी असते. त्यातलं एक अंगाची गुंडाळी करून झोपी जातं. मग पेशीच्या गाभ्याच्या कडेला, बाळाला लावलेल्या तिटेसारखा, काळा ठिपका दिसतो. बाई त्याच्याकडे पाहतच राहत. "याला झोपवतं तरी कोण?" असं पुटपुटत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात विट्याकडच्या हरणाबाई लेकीला घेऊन आल्या. मुक्ता सोळा वर्षांची, पण उंची लहान पोरीएवढी. अजून न्हाणही आलेलं नव्हतं. सोबत चुलते कोंडीबा होते.

"देवरशी म्हंतोय, करणी हाय," कोंडीबा म्हणाले. "पोटावर डाग दिला की सुटंल. पर वयनी ऐकत न्हाईत."

"पोटच्या पोरीला तापली सळई लावू द्यू व्हय, भावजी?" हरणाबाई उसळल्या. "बाई, तुमी बघा. काय निघालं तर पोर वाचंल."

बाईंनी पट्टी केली. पाहिलं, तर काळे ठिपकेच ठिपके! म्हणजे जोडी जागेवर आहे.

"इतर मुलींसारखंच दिसतंय," बाई म्हणाल्या.

"मग रोग न्हाईच!" कोंडीबा उठलेच. "करणीच हाय. चला, आमुशा जवळ आलीया."

मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला. काही ठिपके तर गाभ्याबाहेर सांडलेले होते! पण मी फक्त दाखवू शकतो, बोलू शकत नाही.

मुक्ता दारातच रडायला लागली. हरणाबाईंनी कनवटीची डबी काढून तिच्या तळहातावर चिमूटभर मशेरी ठेवली, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. "लाव गं दातास्नी. बरं वाटंल."

"मावशी, थांबा!" बाई धावल्या. "सकाळी पण लावली होती का हिनं?"

"एस्टीत लावली की. मळमळत हुतं तिला. का वं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "माझी आई रोज लावते, आणि मलाच सुचू नये! ते ठिपके नव्हेत, मशेरीचे कण आहेत. उद्या पुन्हा पाहू. आज मशेरी नाही, आणि चुळा भरायच्या, भरपूर!"

"तोंड धुवायला विट्यासनं सांगलीला आणलं म्हनायचं," कोंडीबा कुरकुरले. पण थांबले.

दुसऱ्या दिवशी पट्टी स्वच्छ होती. बाई पेशीमागून पेशी पाहत गेल्या. एकीतही ठिपका नव्हता. झोपणारं गुणसूत्र मुक्ताजवळ नव्हतंच. रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल येईपर्यंत डाग द्यायचा नाही, असा शब्द बाईंनी कोंडीबांकडून घेतला. अहवालातही तेच आलं. तो ऐकायला तिघं पुन्हा आली.

"माझ्या पोटात काय कमी पडलं का, बाई?" हरणाबाईंनी विचारलं.

"नाही हो मावशी. जन्माआधीच गुणसूत्राचा एक धागा गळाला. कुणाची करणी नाही, कुणाचा दोष नाही. उंची फार वाढणार नाही, मूलबाळही अवघड आहे. पण पोर हुशार आहे. शाळा सोडवू नका."

कोंडीबांनी पिशवी उचलली. म्हणाले, "चल गं मुक्ते, यष्टी चुकंल. देवरशाला मी बगतो."

बाईंना मात्र प्रश्न सोडेना. जे झोपूनच असतं, ते नसलं तर बिघडावं का? त्याच प्रश्नामागे त्या मोठ्या प्रयोगशाळांत गेल्या. ते गुणसूत्र पुरतं झोपत नाही, त्याचा थोडा भाग जागा राहून काम करतो, हे इतर संशोधकांबरोबर त्यांनीही वर्षानुवर्षं तपासलं. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी यंत्रं त्यांच्या हाताखाली आली. मी कपाटात आलो. वाईट वाटतं, पण अभिमान त्याहून मोठा आहे.

मित्रांनो, एखादी मुक्ता तुमच्याही वर्गात असेल. तिच्याकडे एकदा पाहून काही ठरवू नका. काच पुसा आणि पुन्हा पाहा.