कोरड्यावरचा कळस

धरणाच्या काठावर त्या रविवारी नुसती जत्रा लोटली होती. साखऱ्याहून, नरसीहून, थेट कनेरगाव नाक्याहून जीपा भरभरून माणसं आली होती. नारळ फुटत होते, भज्यांची कढई तापली होती आणि सगळ्यांच्या माना पाण्यात उभ्या असलेल्या शिडाच्या होडीकडे वळलेल्या होत्या.

होडी विश्वंभररावांची. पर्यटक फिरवायचे म्हणून त्यांनी ती कोकणातून जुनी विकत घेतली आणि ट्रकवर घालून आणली. तिच्यात वाट आणि पाण्याची खोली दाखवणारं एक जुनाट यंत्र होतं, ते आलं तेव्हापासून बंद. मग कुठून तरी जळेश्वर महाराज नावाचे गृहस्थ उगवले. त्यांनी यंत्रावर हात ठेवला, काहीबाही पुटपुटले आणि पडदा उजळला! निळं पाणी, त्यात पोहणारे मासे आणि तळाशी चक्क देवळाचं शिखर. धरण झालं तेव्हा जुन्या गावाबरोबर महादेवाचं देऊळही बुडालं होतं, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतंच. मग काय विचारता! अकलेला कुलूप लावायला तेवढं पुरे झालं.

शाळेत विज्ञान शिकवणारी मंजुषा मात्र दर्शनाला आली नव्हती. तिच्या भाचीचा, वैष्णवीचा, आदल्या रात्री फोन आला होता. "आत्या, माझ्या गोळ्या बंद केल्या. उद्या मला पाण्यात बुडवणार हायेत."

वैष्णवीला फिट यायच्या. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यापासून पोरगी ठणठणीत होती, दहावीला बसली होती. महाराजांनी सांगितलं, गोळ्यांनी रोग नुसता दबतो. शिखराच्या बरोबर वरच्या पाण्यात बुचकळलं की कायमचा जातो. गोळ्या थांबलेल्या, त्यात खोल पाणी. फिट आली तर पोर वर येणार नाही, या विचाराने मंजुषा रात्रभर जळत होती. पोलिसांना तिने कळवलं होतं, पण महाराजांचा मुहूर्त पोलिसांच्या जीपसाठी थोडाच थांबणार होता?

"तू शिकली म्हणून देवाला शिकवशील काय?" भाऊ ग्यानबा काठावरच तिच्यावर उखडला.

वहिनी आशाबाईंनी हात जोडले. "ताई, पोरीला किती वर्सं गोळ्या खाऊ घालू? उद्या तिला कोण करून घेईल? सुटू द्या ना एकदाची."

मंजुषाला वहिनीचा राग येईना. राग येत होता तो भगव्या रेशमात घाम पुसत बसलेल्या त्या माणसाचा. ती वैष्णवीचा हात धरून सरळ होडीत चढली.

"आओ बेटी!" महाराज सुरात आले. "ही ब्रह्मांडाची लहर हाय. विज्ञान जिथं थकतं, तिथून आमचं यंत्र चालू होतं! हे बघा शिखर, हा बघा कळस, आन हे देवाचे मासे!"

मंजुषाने पडदा नीट पाहिला. एक मोठा मासा गेला, मग दोन लहान, मग शिखर. थोड्या वेळाने पुन्हा तोच मोठा मासा, तेच दोन लहान, तेच शिखर. कोपऱ्यात कुंकवाचा जाड थर लावला होता आणि त्याच्या वर खोलीचा आकडा होता, तीस फूट. होडी अजून काठालाच होती. तिला टेकून उभ्या असलेल्या बायांचे गुडघेसुद्धा भिजले नव्हते.

"महाराज, तीस फूट पाण्यात या बाया उभ्या कशा राहिल्या?"

"हे यंत्र पाणी मोजत न्हाई, बेटी. श्रद्धेची खोली मोजतं!"

टाळ्या पडल्या. मंजुषाने पडद्यामागची वायर चिमटीत धरली आणि तिच्या मागोमाग फळीखाली, होडीच्या बुडापर्यंत गेली. पाण्यात आवाज सोडणारी चकती जिथे असायला हवी, तिथे नुसता तुटका शेंडा लोंबत होता. ती परत आली आणि ती वायर यंत्रातून उपटली. पडद्यावर मासे आपले पोहतच होते.

"बघा, बघा!" महाराज उसळले. "देवाला वायर लागत न्हाई! हर हर महादेव!"

"मग बॅटरीबी लागायची न्हाई," म्हणत मंजुषाने दुसरी वायर उपटली.

देऊळ गेलं, मासे गेले, पडदा काळाठिक्कर पडला. गर्दीत कुणीतरी फस्सकन हसलं. तो कय्युम होता. देव जागा झाला म्हणून त्या पाण्यात जाळी टाकायला बंदी झाली होती आणि त्याची मासेमारी बसली होती.

"कय्युमभाई, ही बॅटरी उचला," मंजुषा म्हणाली. तिने यंत्र काखोटीला मारलं आणि दोघं काठ चढून शेजारच्या हरभऱ्याच्या रानात गेले. गर्दी मागे धावली. वायर जोडली आणि ढेकळांच्या मधोमध पुन्हा निळं पाणी, मोठा मासा, दोन लहान आणि शिखर!

"बाई, मी हितंच जाळं टाकू का?" कय्युमने विचारलं. या वेळी बरीच माणसं हसली.

मंजुषाने कुंकवाकडे बोट नेलं, तसे महाराज किंचाळले. "खबरदार! देवाचं कुंकू पुसलं तर घरात मयत होईल!"

हसू जागच्या जागी विरलं. आशाबाईंनी नणंदेचं मनगट पकडलं. "ताई, नका!"

"सोडा वहिनी. मयत व्हायची ती माझी होऊ द्या."

तिने ओढणीने कोपरा स्वच्छ पुसला. खाली इंग्रजी अक्षरं होती. "वैष्णवी, वाच. मोठ्यानं."

"सिम्युलेटर," वैष्णवीने वाचलं.

"म्हणजे नमुना!" मंजुषाचा आवाज चढला. "गिऱ्हाईकाला दुकानात यंत्र दाखवायला त्यात आधीच भरून ठेवलेला सिनेमा. त्यातला टोकदार खडक आपुन देवळाचं शिखर समजलो. खरं यंत्र पाण्यात आवाज सोडतं आन तळावर आपटून परत आला की चित्र काढतं. यातली आवाज सोडायची चकतीच तुटली हाय. या बाबानं वायरीचा गंज खरवडला, सिनेमा लावला आन नाव झाकायला कुंकू फासलं. तुमी कुंकवाला हात लावणार न्हाईत, हे त्याला बराबर ठाऊक होतं."

तिने बटणं दाबून नमुना बंद केला. देऊळ नाहीसं झालं ते झालंच. महाराज हळूच जीपांकडे सरकू लागले, पण तोवर पोलीस येऊन ठेपले होते.

आणि तेवढ्यात वैष्णवीचे डोळे फिरले.

ती तिथेच ढेकळांत कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल काढली. मंजुषा सगळ्यांवर ओरडली, "दूर व्हा! तोंडात काही घालू नका, नाकाला काही लावू नका!" तिने पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी सरकवली आणि थांबून राहिली. झटके ओसरले. वैष्णवीने मोठा श्वास घेतला.

ग्यानबाने एकदा धरणाच्या पाण्याकडे पाहिलं आणि तो वैष्णवीच्या उशाशी येऊन बसला. या घडीला आपली लेक कुठे असती, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"गोळ्या?" त्याने बायकोला विचारलं. "फेकल्या का समद्या?"

"त्यानं फेकाच म्हणलं होतं," आशाबाई रडत म्हणाल्या. "माझं मन झालं न्हाई. पिठाच्या डब्यात लपवल्या."

"मन काहून झालं न्हाई, वहिनी?" मंजुषाने विचारलं.

"शंका आली."

वैष्णवीला दवाखान्यात न्यायला जीप रानात घेतली जात होती. मंजुषा उठून गर्दीसमोर उभी राहिली.

"ऐकलं का? या माउलीला शंका आली होती! पण ती तिनं पिठात लपवली, कारण शंका घेणं पाप हाय असं आपुनच तिला शिकवलं. तुमच्यातल्या किती जणांना आली होती अन् तुमी गिळली? इथून पुढं शंका आली की चारचौघांत, मोठ्यानं विचारा. देव असंल तर त्याला राग येणार न्हाई. आन विचारल्यावर ज्या बाबाला राग येईल, त्यो चोर समजा."