नानांचा ग्लास, मायचं ताट

माझे वडील गिरधर सर, म्हणजे आमचे नाना, चोपड्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. तरुणपणी ते मल्लखांबावर सरसर चढायचे, असं गावातले लोक सांगतात. मी पाहिलं ते पुढचं. निवृत्तीपर्यंत त्यांचं पोट इतकं सुटलं होतं की कवायतीला ‘खाली वाका’ असा हुकूम देऊन ते स्वतः नुसती मान वाकवायचे. मुलं हसायची आणि नानाही हसायचे. खाण्यावर त्यांचा भारी जीव. भरीत असलं की भाकऱ्या मोजायच्या नाहीत, असा आमच्या घरातला नियमच होता.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्याआधी त्यांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. जळगावच्या सर्जननी तपासलं आणि म्हणाले, “सर, ऑपरेशन करू. पण आधी दहा-बारा किलो उतरवून या. एवढ्या चरबीत टाके धरायचे कुठे?” नानांनी त्या दिवशी घरी येऊन एक भाकरी कमी खाल्ली आणि चहाबरोबर शेवेचा पुडा संपवला. पुढे महिनाभर तेच. काटा हलला नाही.

मी तेव्हा धुळ्याला शिक्षिका होते. आमच्या शाळेतल्या कुंदा मॅडम नुकत्याच एका परदेशी कंपनीच्या पावडरीच्या एजंट झाल्या होत्या. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी ही पावडर दुधात घुसळून एकेक ग्लास प्यायची. दुपारी मात्र साधं, बेताचं जेवायचं. मॅडम स्वतः चांगल्याच बारीक झाल्या होत्या, त्यामुळे माझा विश्वास बसला. मोठा डबा घेतला आणि मे महिन्याची सुट्टी लागताच चोपड्याला निघाले.

डबा ओट्यावर ठेवला तेव्हा माझी आई, माय, भाकरी थापत होती. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून मान तिरपी करून बघितलं.

“हाई काय शे?”

“नानांचं जेवण.”

“डबामा?”

मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “पीठ दूधमा कालवीसन पेवानं, आनि त्याले जेवण म्हनानं?”

नाना मात्र तयार झाले. शिस्तीचा माणूस. एकदा ठरलं म्हणजे ठरलं. संध्याकाळी मायनं साय काढलेल्या दुधात मापाचा चमचा भरून पावडर घातली, रवीनं घुसळली. चॉकलेटी रंगाचा तो ग्लास नानांनी हातात घेतला, ताठ उभे राहिले, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला.

“झालं जेवण,” ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

मी दोन दिवस राहिले आणि सुट्टीतही शाळेत बसून पेपर तपासायचे होते म्हणून धुळ्याला परतले. जाताना मायला सांगितलं, “त्यांना मधेच काही देऊ नको हं. कितीही मागितलं तरी.”

“नही देत,” ती म्हणाली. आणि तिनं खरंच दिलं नाही.

पुढचं मला आबेदाचाचीकडून कळलं. आबेदाचाची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तिचा नवरा नूर महंमद गाद्या भरायचा. तिचं आणि मायचं उन्हाळी काम नेहमी मिळून व्हायचं. मी गेल्यावर पंधराएक दिवसांनी दोघी आमच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीचं शिजवलेलं गरम पीठ ओल्या कापडावर थापायचं, बोटांना चटके बसतात, आणि वरून खानदेशचं ऊन. माय थापता थापता कापडावरच कलंडली.

चाचीनं आरडाओरडा करून नानांना वर बोलावलं. दोघांनी मिळून तिला खाली आणलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ती शुद्धीवर आल्यावर चाचीनं तिला एकच विचारलं, “भाभी, आज काय खाल्लं?”

मायनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“काल रात्री?”

मग चाची नानांकडे वळली. “सर, ही तुमच्या मागून जेवते, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? आता तुम्ही सकाळ-संध्याकाळ जेवतच नाही. मग ही कधी जेवणार?”

नाना दारात उभे होते. चाची म्हणाली, सरांचा असा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता.

दुपारी त्यांनी बूथवरून माझ्या शाळेत फोन केला. फक्त एवढंच बोलले, “प्रमिला, जमलं तर ये. मायला चक्कर आली होती. आता बरी आहे.” मी मिळेल त्या एस.टी.नं निघाले. संध्याकाळी घरी पोचले तर माय खाटेवर टेकून बसलेली, शेजारी चाची वारा घालत होती. मी मायचा हात हातात घेतला तर मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मुळात ती काडीसारखी. नानांचे किती किलो उतरले ते बाजूलाच राहिलं, तिच्या अंगावर उतरण्यासारखं काही नव्हतंच.

“असं का केलंस गं?” मी विचारलं.

“त्या जेवतस नही, मंग मी कशी जेवू?” ती नानांकडे बघत म्हणाली. “घास उतरत नही. नुसता वास गया तरी त्यास्ना जीव तयमयी.”

म्हणून ती सकाळी आणि संध्याकाळी चूलच पेटवत नव्हती. स्वयंपाकाच्या वासानं नानांना त्रास नको. दुपारी नानांना बेताचं वाढायची आणि स्वतःही तेवढंच बेताचं घ्यायची. नानांना यातलं काही दिसलं नव्हतं. तिचं जेवण त्यांनी लग्नानंतर कधी पाहिलंच नव्हतं. ते जेवून बाहेर जायचे, ती मागे काय खाते, किती खाते, हे कुणाच्याच समोर नसायचं.

मी उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. “थांब, मी पटकन काहीतरी करते.”

“तू बस,” नाना म्हणाले. ते मायजवळ आले. शाळेत ते शुद्ध मराठी बोलायचे, पण मायशी अहिराणीच. “तुले काय आवडस?” त्यांनी विचारलं.

माय त्यांच्याकडे बघतच राहिली. “माले?”

“हां, तुले. काय खासी?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, काही गोडाधोडाचं नाव घेईल, नाहीतर शेवभाजी म्हणेल. शेवटी अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “गरम भाकर.”

चाचीचा पंखा थांबला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तव्यावरून उतरलेली, टम्म फुगलेली भाकरी माय रोज आमच्या ताटात टाकायची. तिच्या वाट्याला यायची ती सगळ्यांचं झाल्यावरची, दुरडीच्या तळाशी निवून गेलेली. आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, पण तव्यावरची भाकरी तिनं गरम असताना क्वचितच खाल्ली असेल.

नाना स्वयंपाकघरात गेले. पीठ कोणत्या डब्यात आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. परातीत पाणी जास्त पडलं, मग पीठ जास्त पडलं. मी पुढे झाले तर म्हणाले, “हात लावू नको, मला सांग.” मी सांगत गेले आणि ते थापत गेले. त्यांचा तो रुंद पंजा, त्याखाली भाकरी एका बाजूला जाड आणि एका बाजूला फाटलेली. पहिली परातीतून उचलतानाच मोडली. दुसरी तव्यावर कशीबशी पडली, पाणी फिरवताना त्यांचं बोट भाजलं. ती फुगली नाही, पण भाजली गेली खरी.

मायला त्यांनी पाटावर बसवलं. भाकरी, वर तेलाची धार, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा. ताट पुढं ठेवून ते समोरच बसले.

“तुम्ही भायेर बसा ना,” माय म्हणाली. “माले लाज वाटस.”

“नही. आठेच बससू,” म्हणत नानांनी तिथेच ठाण मांडलं.

मग त्यांनी मला त्यांचा ग्लास करून आणायला सांगितला. मी आणला. एरवी उभ्यानं घटाघटा पिणारे नाना त्या दिवशी मांडी घालून बसले आणि चहासारखा एकेक घोट घेऊ लागले. तिचा एक घास, त्यांचा एक घोट. ठेच्याच्या वासानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं, पण ते हलले नाहीत. माय आधी मान खाली घालून चिमणीसारखं खात होती. मग भाकरी मोडायला लागली तशी भूक जागी झाली. ताटात एक तुकडाही उरला नाही.

“कड कच्ची शे,” ती म्हणाली.

“उद्या सुधारसू,” नाना म्हणाले.

ते त्यांचं रोजचं झालं. नानांचा ग्लास संपेपर्यंत तिचं ताट संपायचं. ती सांगायची, “धीरे थापा, ते काय ढोल शे का?” आणि ते शिकत गेले. शेजारीपाजारी कळलं तेव्हा थोडी चेष्टा झाली, पण नानांनी आयुष्यभर मैदानात मुलांसमोर उड्या मारल्या होत्या, त्यांना हसण्याचं काही वाटत नसे.

पावसाळा संपता संपता वजन सर्जनच्या पसंतीला उतरलं. जळगावला ऑपरेशन झालं, टाके नीट धरले. डबा संपल्यावर मी दुसरा आणला नाही, कुणी मागितलाही नाही. नाना पुन्हा जेवायला लागले, बेतानं. वजन थोडं परत चढलं. पण आता जेवताना माय समोर बसायची, आणि तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात पडायची.

दिवाळीत शिरपूरहून भिकुबाई आत्या आली. नानांची मोठी बहीण, जुन्या वळणाची, घरात सगळ्यांनी तिला भ्यावं अशी. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती थबकली. तिचा भाऊ चुलीपुढं बसून भाकरी थापतोय आणि भावजय पाटावर बसून आधी जेवतेय, हे बघून तिनं कपाळाला हात लावला.

“हाई काय चालू शे?” ती म्हणाली.

मी मायकडे बघितलं. वाटलं, आता ही लाजून ताट बाजूला सारणार. मायनं तोंडातला घास शांतपणे गिळला आणि शेजारचा पाट पुढं ओढला.

“बसा अक्का,” ती चुलीपुढच्या नानांकडे बोट दाखवत म्हणाली. “तुम्हले बी गरम टाकतस त्या.”

आत्यानं पदर सावरला आणि ती पाटावर बसली.