पाठमोरी उडी

हाडं मोडणं हा माझा धंदा. काकडी पिळून मोडली की बोट तुटतं, गाजरांची जुडी मोडली की बरगड्या जातात, ओल्या चामड्यावर मूठ हाणली की जबडा. इस्त्रीच्या सहा सिनेमांत मोडलेल्या हाडांचे आवाज माझ्या हातचे आहेत. इस्त्री म्हणजे आमचा दिग्दर्शक. शर्टाला सुरकुती चालत नाही, पडद्यावर मात्र रक्ताचा सडा. अर्धे समीक्षक त्याला डोक्यावर घेऊन नाचतात, अर्धे त्याच्या नावाने खडे फोडतात, आणि बुवा दोन्हींवर खूश.

माझा धाकटा भाऊ त्याच्या सिनेमांत उड्या मारायचा. सातव्या सिनेमात दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पाठमोरी उडी होती. खाली गादी नव्हती. कंबरेखालचं सगळं गेलं त्याचं. इस्त्रीने चौकशीत लिहून दिलं की पोराने इशाऱ्याआधीच उडी मारली, आम्ही गादी लावतच होतो. बाकीच्यांनी माना खाली घालून सह्या ठोकल्या. आता धाकट्याला एकच हवं होतं, चाकाच्या खुर्चीत बसून नव्या पोरांना उड्या शिकवायच्या. पण इशाऱ्याआधी उडी मारणाऱ्याच्या हाताखाली आपली पोरं कोण देणार? जिथे गेला तिथे वाटाण्याच्या अक्षता.

मग त्याच उडीचा तुकडा आवाज भरायला माझ्या टेबलावर आला. इस्त्री म्हणाला, "बाई, किंकाळी तशीच ठेवा, अस्सल आहे. बाकी आवाज पुसा आणि वर मणका मोडल्याचा आवाज घाला. तुमच्याइतका खरा कोण देणार?"

धाकटा माझा भाऊ आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माझ्या हातात गाजर होतं. ते त्याच्या डोळ्यात खुपसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तो गेल्यावर मी शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज लावला. इस्त्री तो कधीच ऐकत नाही, त्याला फक्त चित्र दिसतं. किंकाळीच्या आधी त्याचाच आवाज होता, हळू पण स्वच्छ. "गादी दिसतेय फ्रेममध्ये. काढा ती. त्याला सांगू नका, मारेल तो उडी. ॲक्शन!"

मी तीनदा ऐकलं. मग तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागले.

शेवटच्या घटकेपर्यंत आवाज बदलत राहायची इस्त्रीला खोड, त्यामुळे अंतिम प्रत नेहमी माझ्याच हाताने जाते. समीक्षकांच्या खेळाला दुपारी हॉल खच्चून भरला होता. सिनेमात मारामाऱ्या आणि उड्या करणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्षही पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या शेजारीच. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले.

कठडा आला. धाकट्याची पाठ आली. मी संगीत काढून टाकलं होतं. त्या शांततेत हॉलभर घुमलं, "गादी दिसतेय फ्रेममध्ये. काढा ती." मग बाकीचं सगळं. मग किंकाळी.

आणि मेल्यांनी टाळ्या वाजवल्या! "काय धाडस आहे!" माझ्या पुढचा एकजण शेजाऱ्याला म्हणाला. त्यांना ती इस्त्रीची नवी शैली वाटली. इस्त्री गप्प बसता तर सुटला असता, वर बक्षीसही मिळालं असतं.

पण गप्प बसतोय कसला! ताडकन उठला आणि ओरडला, "थांबवा! हा शूटिंगचा आवाज आहे, सिनेमातला नाही! पुसायला सांगितला होता मी!"

तोच आवाज. पडद्यावर होता तोच. टाळ्या जागच्या जागी थांबल्या. अध्यक्ष सावकाश वळले आणि म्हणाले, "थांबवू नका. पुन्हा मागे घ्या."

संध्याकाळी घरी आले तोवर अध्यक्षांचा धाकट्याला फोन येऊन गेला होता, पोरं शिकायला पाठवतो म्हणून. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता.

"ताई, सगळ्यांनी ऐकलं? मी ओरडलो तेही?"

"तेही," मी म्हटलं. "राग आला का रे?"

त्याने चाकं फिरवून खुर्ची माझ्याकडे वळवली.

"इस्त्री काय म्हणाला?"

"थांबवा म्हणाला."

"आज सुचलं होय त्याला," धाकटा म्हणाला.