जंगलाचा भांग

बोरदरीच्या नत्थुजींना सांगितलेलं ऐकायची सवय नव्हती. वय बासष्ट, संत्र्याची दोनशे झाडं, आणि वडिलांचा नियम पाठ: आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी धुरा जाळलाच पाहिजे. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावर गवत, बोरी, भोकर माजतात. वडील दरवर्षी काडी लावून तो दाढी केल्यासारखा गुळगुळीत करत. बायको जमुना मात्र चार वर्षांपासून आडवी येत होती.

"धुऱ्यात तितरं हायेत, मोहोळ हाय. अन् वरतं जंगल हाय. उन्हाळा आता तुमच्या बापाच्या वक्ताचा राह्यला काय?"

जंगल म्हणजे धुऱ्यापलीकडच्या नाल्यावरून चढत गेलेली टेकडी. आठ वर्षांपूर्वी ती पार बोडकी होती. पूर्वी महिनाभर निवांत पडणारा पाऊस अलीकडे तीन दिवसांत कोसळून मोकळा व्हायचा, आणि टेकडीवरचं पाणी शेतातली काळी माती घेऊन नाल्यानं निघून जायचं. एका वर्षी नत्थुजींची विहीर होळीलाच कोरडी पडली, बागेतली साठ झाडं वाळली. मग परतवाड्याच्या वन कचेरीत खेटे घालघालून जमुनेनं आणि गावातल्या बायांनी जंगल समिती उभी केली. टेकडीवर चराई बंद, कुऱ्हाड बंद. पळस, मोहा, सीताफळ पुन्हा फुटले, गवत कमरेएवढं झालं, पावसाचं पाणी टेकडीतच मुरू लागलं. गेल्या उन्हाळ्यात पारा शेहेचाळिसावर गेला तरी विहीर आटली नाही. नत्थुजींनी त्याचं श्रेय नव्या मोटारीला दिलं.

यंदाच्या फेब्रुवारीत बायांनी टेकडीच्या पायथ्याशी बारा हात रुंद पट्टा साफ केला. गवत कापलं, पाला झाडला, काडी न काडी उचलली. हीच जाळरेषा. आग आली तर तिला इथं खायला काही मिळू नये, एवढाच हिशेब. नत्थुजी धुऱ्यावर उभे राहून म्हणाले होते, "काहून वं, जंगलाचा भांग पाडून राह्यल्या काय?"

एप्रिलातल्या एका सकाळी जमुना शेजारच्या वच्छलेच्या अंगणात कुरड्या घालायला गेली आणि नत्थुजींना रान मोकळं मिळालं. वडील धुरा जाळत ते पहाटे, वारा पडलेला असताना. नत्थुजींनी निवांत चहा घेतला, पेपर वाचला आणि अकरा वाजता काडी ओढली. जवळ एक बादली पाणी आणि निंबाची फांदी ठेवली होती. तेवढी अक्कल शाबूत होती म्हणायची.

अर्धा धुरा झकास जळला. मग वावटळ उठली. तिनं पेटतं गवत उचलून नाल्यात टाकलं, तिथलं वाळलेलं गवत भडकलं, आणि बादली रिकामी होईपर्यंत आग पलीकडच्या काठाला लागली.

नत्थुजींच्या तोंडचं पाणी पळालं. फांदीनं झोडपता झोडपता भुवया जळाल्या, पण आग काही ऐकेना. आठ वर्षांचं जंगल आपल्या एका काडीनं जाणार, आणि त्यामागून विहीर आणि बागही जाणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी जमुनेला फोन लावला.

"जमुना, जंगलाकडं आग चालली."

"कोनं लावली?"

नत्थुजींनी हातातली फांदी खाली टाकली.

"तुमी कोठी हा?"

"नाल्यात."

"निंगा तिथून. थांबू नोका. जाळरेषेवर या, आमी येऊन राह्यलो."

धुरातून ठेचकाळत ते वर पोचले तेव्हा पंधरा-वीस बाया पट्ट्यावर पांगल्या होत्या. हातात ओल्या फांद्या, कोपरापर्यंत कुरड्यांचा चीक वाळलेला. आग पुरुषभर उंच होऊन चढत आली आणि पट्ट्याच्या कडेशी अडली. ठिणग्या मात्र उडत होत्या. पडेल ती ठिणगी बाया झोडपून काढत होत्या. एक सीताफळाच्या बुंध्याशी पडली, तिच्यावर नत्थुजींनी आपला दुपट्टा टाकला आणि वरून स्वतः बसले. हळूहळू ज्वाळा बुटक्या झाल्या. अर्ध्या तासानं नुसता धूर उरला, आणि वर टेकडी होती तशीच होती. नत्थुजी जळक्या दुपट्ट्यावर बसून मनसोक्त रडले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी मारुतीच्या पारावर समिती बसली. एकजण म्हणाला, मेंढरंवाल्यांचं काम असेल. नत्थुजी उठले.

"मेंढरंवाल्यायचं नाव घेऊ नोका. मीच लावली."

समितीची सचिव रागिणी, गावची शिकलेली सून, हिनं नियमांची वही उघडली आणि चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून वाचलं, "आग लावणाऱ्यानं पुढच्या साली पूर्ण जाळरेषा एकट्यानं झाडावी. सूचक, नत्थुजी."

तीन वर्षांपूर्वी मेंढरंवाल्यांवर डोळा ठेवून त्यांनीच तो नियम घालायला लावला होता. अख्खा पार हसला. सगळ्यात शेवटी नत्थुजीही हसले.

घरी आल्यावर जमुनेनं देवापाशी दिवा लावला, भाकरी वाढली, आणि जेवण झाल्यावर कोपऱ्यातला खराटा आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"फेब्रुवारीले टाइम हाय अजून," नत्थुजी म्हणाले.

"हात बसाले पायजे."

"लय राग आला असंन तुले," ते म्हणाले. "आठ वर्सं राबली तू."

"आला होता. मंग धुरातून तुमी पयत येतानी दिसले, अन् राग कोठी गेला ठाव नाही." जमुना ताट उचलत म्हणाली, "जंगल अजून आठ वर्सांत उभं केलं असतं मी. तुमाले कोठून आणलं असतं?"

नत्थुजी उठले आणि खराटा घेऊन अंगण झाडू लागले. दिवेलागणीनंतर झाडू नये, हाही वडिलांचाच नियम होता. जमुनेनं त्याची आठवण करून दिली नाही.